ढोरांच्या डॉक्टरला विचारा : काउबॉय, शेरीफ आणि गोचीड

मागच्या अंकात मी माझ्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयच्या, कादंबऱ्यांच्या वेडाबद्दल दोन पानं लिहिली होती. परभणीला पशुवैद्यकीला असताना स्टेशनबाहेरच्या गाड्यावरून दोन रुपयाला एक अशी कव्हर फाटलेली पुस्तकं घ्यायचो, डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचायचो, ते सगळं. नोकरी पस्तीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात गेली, आता उदगीरला घरी बसून असतो. वाटलं होतं, एखाद-दुसरं पत्र येईल. संपादकांनी पिशवीच पाठवली. लंपीबद्दलचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेतो, या वेळी फक्त काउबॉय.

मी एका इंग्रजी वेस्टर्न कथेचं मराठी करते आहे. 'काउबॉय'ला 'गुराखी' लिहिलं. आमचे सर म्हणतात बरोबर आहे, वडील म्हणतात हसं होईल. कुणाचं ऐकू? (एक विद्यार्थिनी, अहमदपूर)

वडिलांचं ऐका, ताई. गुराखी सकाळी ढोरं सोडतो आणि दिवेलागणीला दावणीला आणून बांधतो. काउबॉय निघाला की दोन-तीन महिने परत येत नाही, आणि येतो तेव्हा ढोरं विकलेली असतात.

हिशेब बघा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची ढोरं मोकाट माजली होती. तिथं एका बैलाला चार डॉलर मिळायचे, उत्तरेकडच्या शहरांत तीस-चाळीस. मधे रेल्वे नव्हती. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीन या गावी रेल्वेलगत ढोरांचे वाडे बांधले गेले आणि टेक्सासहून तिथपर्यंत कळप हाकत न्यायला सुरुवात झाली. अडीच हजार ढोरं, दहा-बारा माणसं. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, त्याहून जास्त नाही, कारण घाईनं हाकलं तर वजन उतरतं आणि पैसा वजनाचा असतो. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर. स्वयंपाक्याला त्याहून जास्त. घोडा मालकाचा, खोगीर तेवढं स्वतःचं. हिवाळा लागला की बऱ्याच जणांना घरचा रस्ता. म्हणजे शब्दच शोधायचा तर गुराख्यापेक्षा आपल्या सालगड्याच्या जवळ जातो तो, फक्त सालगड्याला निदान पाडवा ते पाडवा खात्री असते.

आणि सगळे गोरे नव्हते बरं का. बरेच जण गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे होते, बरेच मेक्सिकन. लॅसो (ढोर पकडायचा फास), रॅंच (ढोरांचा मळा), रोडिओ (ढोरा-घोड्यांच्या खेळांचा मेळा) हे शब्दही मुळात स्पॅनिश. तुमच्या कथेत मेक्सिकन फक्त खलनायक असेल तर लेखकानं आळस केलाय असं समजा.

एक गोष्ट मात्र भाषांतरात गाळू नका. रात्री कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती उलट्या दिशांनी फिरत राहायचे आणि गाणं म्हणायचे. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला वाटलं, लेखकानं गोडवा आणायला घातलंय. नंतर लोह्याला बदली झाली. माळेगावच्या यात्रेत आमचा तपासणीचा तंबू असायचा. थंडी मरणाची. रात्री दोनच्या सुमाराला उठलो तर शेजारी एक म्हातारबा लाल कंधारी बैलांच्या मधून चालत होते, घोंगडी डोक्यावर, आणि तोंडानं काहीतरी एकसुरी चाललेलं. अभंग नव्हे, ओवी नव्हे, नुसतं हूंऽ हूंऽ. मी विचारलं, झोप येईना का? म्हणाले, "मला येती. ह्यांना कळाया पाहिजे ना, हालतंय ते माणूस हाय म्हणून." बस. अंधारात अचानक काही हललं की ढोर उधळतं, आणि एक उधळलं की अडीच हजार उधळतात. गाणं त्यासाठी. हाळीच्या बाजारात ट्रकचं टायर फुटलं तेव्हा एका कालवडीनं खुंटा उपटून तीन माणसं लोळवलेली मी पाहिली आहेत. एकाच कालवडीनं.

तेव्हा 'काउबॉय' तसाच ठेवा. कळपाच्या म्होरक्याला 'ट्रेल बॉस' ऐवजी 'नाईक' करून बघा. लमाणांच्या तांड्यात शोभतो तो शब्द इथंही शोभेल.

शेरीफ म्हणजे आपला फौजदार की पोलीस पाटील? आणि मार्शल कोण? प्रत्येक पुस्तकात दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. (सेवानिवृत्त जमादार, माजलगाव)

जमादार साहेब, दोन्ही नाही. शेरीफ निवडून यायचा. अख्ख्या काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा. निवडून आला म्हटल्यावर मतं कुणाची, पैसा कुणाचा, हे आलंच. काही ठिकाणी करवसुलीही त्याच्याकडे असायची आणि त्यातला वाटा मिळायचा, म्हणून त्या खुर्चीसाठी मारामाऱ्या. टाउन मार्शल गावापुरता, बहुतेक नगरपालिकेनं नेमलेला. आणि यू. एस. मार्शल केंद्र सरकारचा, राष्ट्राध्यक्षानं नेमलेला, त्याच्या हाताखाली डेप्युटी. तिघांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या. तुमच्या नोकरीत हद्दीवरून प्रेत इकडं का तिकडं असा वाद कधी झाला असेल तर बाकीचं तुम्हाला सांगायला नको.

काही भाषांतरकार शेरीफला 'नगरपाल' करतात, मुंबईच्या शेरीफला मराठीत तसं म्हणतात म्हणून. ते पद मानाचं, पाहुण्यांना हार घालायचं. कंबरेला कोल्ट पिस्तूल लावलेला नगरपाल डोळ्यांपुढं आणून बघा.

खरा डेप्युटी बघायचा तर बास रीव्ह्ज. जन्म १८३८, गुलामीत. १८७५ मध्ये आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथच्या कोर्टाखाली डेप्युटी मार्शल झाला, तीन हजारांवर अटका त्याच्या नावावर सांगतात. लिहिता-वाचता येत नव्हतं. वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, पाठ करायचा आणि बरोबर माणूस उचलायचा. जुन्या कादंबऱ्यांत हा माणूस नाही. मला तर तो नोकरीतून बाहेर पडल्यावर कळला, इतकी पुस्तकं चाळून.

समोरासमोर उभं राहून कोण आधी बंदूक काढतो, असं खरंच व्हायचं का? (दोघं भाऊ, जिंतूर. मोठा 'नाही' म्हणतो, धाकटा 'हो'. पैज लागली आहे म्हणे.)

पैज मोठ्या भावानं जिंकली असं धरा. अगदीच नाही असं नाही. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये २१ जुलै १८६५ ला हिकॉक आणि टट असे दोघं चौकात साधारण पंचाहत्तर यार्डांवर उभे राहिले होते, टट मेला. पण असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. त्याच हिकॉकला पुढं १८७६ मध्ये डेडवुडला पत्ते खेळताना मागून डोक्यात गोळी घातली. दरोडेखोर जेसी जेम्सलाही पाठमोरा असतानाच मारलं, १८८२ ला, त्याच्याच टोळीतल्या पोरानं.

ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन गावची चकमक, २६ ऑक्टोबर १८८१, तिच्यावर तर किती सिनेमे झाले. ती ज्या ओ. के. कोरलच्या नावानं ओळखली जाते, त्या घोड्यांच्या वाड्यात झालीच नाही. बाजूच्या एका अरुंद मोकळ्या जागेत झाली. सहा-दहा फुटांचं अंतर, अर्धा मिनिट, तीसेक गोळ्या, तीन मेले. तेव्हाची बंदुकीची काळी दारू इतका धूर करायची की दोन बारांनंतर समोरचं दिसणं मुश्कील. आणि भांडण पेटायला निमित्त काय? गावात हत्यार घेऊन फिरायचं नाही असा नगरपालिकेचा नियम होता, आलेल्यानं बंदूक जमा करायची. आपल्याकडं निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करतात ना, तसलं. सिनेमात मात्र गावातला प्रत्येक न्हावीसुद्धा पिस्तूल लावून दाढी करतो.

या गोष्टींत कॅन्ससचे शेतकरी टेक्सासचे कळप बंदुका घेऊन का अडवतात? निव्वळ खुनशीपणा वाटतो. (शेतकरी, चाकूर)

दादा, हा प्रश्न माझा. याच्यासाठीच मी ही पुस्तकं वाचत होतो, पण ते मला उशिरा कळलं.

टेक्सासची ढोरं धडधाकट दिसायची. चरत चरत जायची, पुढं निघून जायची. आणि ती जिथून गेली तिथली गावातली ढोरं काही आठवड्यांनी पटापट मरायची. ताप, लाल लघवी, मरण. ज्यांनी रोग आणला ती ठणठणीत आणि ज्यांच्या रानातून गेली ती मेलेली. लोकांनी त्याला टेक्सास ताप नाव दिलं. कुणी म्हणे श्वासानं होतो, कुणी म्हणे लाळेनं गवत बिघडतं. शेतकऱ्याला कारणाशी काय करायचंय, तो बंदूक घेऊन धुऱ्यावर उभा राहिला. सरकारनं बंदीची रेषा आखली, वस्ती वाढेल तशी ती पश्चिमेला सरकत गेली आणि कळपांचा बाजारही ॲबिलीनहून सरकत शेवटी डॉज सिटीला पोचला. १८८५ मध्ये कॅन्ससनं दारच लावून घेतलं.

कारण सापडलं ते १८९३ ला. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं की हा रोग गोचिडातून जातो. एखादा कीटक-गोचिडासारखा जीव सस्तन प्राण्यात रोग नेतो हे जगात पहिल्यांदा इथं सिद्ध झालं. मलेरियाचा डास त्याच्या नंतरचा. टेक्सासच्या वासरांना लहानपणीच गोचीड लागायची, त्यातून जी जगली ती आयुष्यभर पक्की. उत्तरेत कडक थंडीनं गोचीड मरायची, म्हणून तिथल्या ढोरांच्या अंगात ताकदच नव्हती.

आता तुमच्या गोठ्यात बघा. देवणी गाय गोचीड अंगावर घेऊन निवांत रवंथ करते आणि शेजारी बांधलेली संकरित होल्स्टीन कॉफीसारखी लघवी करून आडवी होते. तुम्ही मला रात्री उठवून नेता. कॅन्ससचा शेतकरी कुणाला उठवणार होता? खुनशी नव्हता तो. कादंबरीतला नायक त्याला चार ठोसे लगावून कळप पुढं काढतो तेव्हा मी दरवेळी पुस्तक मिटतो.

काटेरी तारेवरून एवढी माणसं मारतात? तार ती काय! (गेवराईहून एक काका)

काका, आपल्याकडं वीतभर धुऱ्यावरून किती खून झाले? तारच नव्हती तरी.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं एका माणसाला एकशे साठ एकर मिळायचे, पाच वर्षं राहून कसले की मालकी. आपल्याला एकशे साठ म्हणजे सावकारी वाटते, पण तिथल्या कोरड्या माळावर तेवढ्यात चार ढोरं धड जगत नाहीत. खरा मालक तो, ज्याच्या हातात ओढा. १८७४ मध्ये ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि मोकळं रान संपलं. तार ओढ्याभोवती फिरली की बाहेरची ढोरं तहानेनं मरणार. म्हणून तारा कापणं, म्हणून मारामाऱ्या. वायोमिंगमध्ये १८९२ ला बड्या ढोरमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आगगाडीनं आणले, छोट्या लोकांना चोर ठरवून मारायला. नेट चॅम्पियन नावाचा गडी एकटा घरात कोंडून दिवसभर लढला, शेवटी घर पेटवून त्याला मारलं. मग गावकऱ्यांनीच, शेरीफला पुढं घालून, त्या बंदूकवाल्यांना वेढलं. त्यांना वाचवायला फौज आली. शिक्षा एकालाही नाही.

माझ्या चुलतभावानं धुऱ्यावर तार ओढली त्या साली आमची गाय रात्री तिच्यात अडकली. मागचं एक सड उभं फाटलेलं, धार काढायच्या वेळेला दूध फटीतून भसाभसा खाली. टॉर्च तोंडात धरून मीच टाके घातले. आत तीन पदर असतात सडाला, एक जरी सुटला तरी नासूर होतो. बरी झाली, ते सड मात्र कायमचं आटलं. भावाशी बोलणं चार वर्षांनी सुरू झालं.

ज्यांची जमीन होती त्या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनाच ही पुस्तकं दरोडेखोर म्हणतात. आम्हाला हे ओळखीचं आहे. तुम्हाला ही पुस्तकं गोड कशी लागतात? (नाव छापू नये, जिल्हा धाराशिव)

पत्र चार वेळा वाचलं. तुमच्या समाजावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जो शिक्का बसला आणि १९५२ ला कागदावरून पुसला गेला, त्याचा उल्लेख तुम्ही केलाय. मी तालुक्याच्या दवाखान्यात असताना शेळी चोरीला गेली की पहिली गाडी कुठल्या पालाकडं जायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा गप्प बसलोय.

त्या पुस्तकांत जे नाही ते एवढं सांगतो. होमस्टेडची जमीन मोकळी नव्हती, मोकळी केलेली होती. माळावरचे कोट्यवधी गवे (बायसन) तीस वर्षांत हजाराच्या आसपास आले, आणि गव्यावर जगणारी माणसं सरकारी रेशनवर. १८६६ मध्ये गुडनाइट आणि लव्हिंग यांनी जो गाजलेला कळप न्यू मेक्सिकोत नेला, तो विकला कुठं? फोर्ट सम्नरला. तिथं हजारो नवाहो लोक त्यांच्या मुलखातून चालवत आणून कोंडले होते, त्यांना खायला घालायचं कंत्राट होतं. नायकाच्या खिशातला पैसा तिथून आला. विशीत मला हे दिसलं नाही. आता दिसतं, आणि पुस्तकं तरी कपाटात आहेतच. गोड लागतात का, याला माझ्याकडं सरळ उत्तर नाही.

डॉक्टर, तुम्ही स्वतः कधी घोड्यावर बसलात का? (इयत्ता आठवी, किनवट)

एकदा. माळेगावलाच, एका व्यापाऱ्यानं आग्रह केला म्हणून. घोडी पन्नास पावलं झोकात गेली, मग तिला आपली चंदी आठवली आणि ती परत फिरली. मी फिरलो नाही, सरळ बाभळीत गेलो. काटे कंपाउंडरनं काढले, ढोरांच्या चिमट्यानं.