कच्चं पान पण दाखव की

कॉमिक्सचा पोर्टफोलिओ (आपल्या कामाचे नमुने) चकाचक झाल्यावरच दाखवणार हे आधी डोक्यातून काढ. कॉमिक्सवाली मंडळी फिनिशिंगच्या आधी गोष्ट वाचता येते का ते बघतात, त्यामुळे नुसते थंबनेल (पानाची छोटी ढोबळ रेखाटनं), पेन्सिलचं कच्चं पान पण बिनधास्त दाखव, आणि 'कसं झालंय' असं मोघम नको, 'तिसऱ्या पॅनलवरून (चित्राच्या चौकटीवरून) चौथ्यावर जाताना नजर अडकते का' असं विचार, मग बघ लोक कसे भरभरून सांगतात. अमेरिकन कॉमिक्सकार स्कॉट मॅक्लाउडने १९९० मध्ये काढलेलं २४ तासांत २४ पानांचं कॉमिक करायचं चॅलेंज चार-पाच जण मिळून करून बघा, पहाटे सगळ्यांच्याच चित्रांतले चेहरे वाकडे यायला लागतात (शेवटची पानं तर भयंकर) पण गोष्ट पुढे सरकतेच, एकमेकांचं बघून भीड चेपते. आवडत्या आर्टिस्टचं इंकिंग (पेन्सिलवरचं शाईकाम) सरावाला खुशाल कॉपी कर, फक्त स्वतःचं म्हणून टाकू नकोस, तिथे कोणी ऐकून घेत नाही.