'फोर्क' : शाखा, फाटा की वेगळी चूल?

प्रश्न असा आला आहे : एका सिस्टिम युटिलिटीच्या माहितीपानाचं मराठीकरण करताना 'हे पॅकेज तमक्याचा फोर्क आहे' यातल्या 'फोर्क'ला, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा कोड घेऊन काढलेल्या वेगळ्या प्रतीला, 'शाखा' म्हणावं का? आणि 'मेन्टेनर'ला काय म्हणावं?

'शाखा' नको, तो शब्द गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातल्या ब्रँचसाठी राखून ठेवावा. ब्रँच त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात), त्याच मंडळींच्या हाताखाली असते. फोर्कची रिपॉझिटरी वेगळी, आणि तिथले बदल स्वीकारायचे की नाही हे ठरवणारेही वेगळे. 'फाटा' अर्थाने जवळचा आहे, पण क्रियापद जपून वापरावं लागतं. 'मूळ प्रकल्पाला फाटा फुटला' हे बरोबर. 'फाटा दिला' असं लिहिलं की मूळ प्रकल्प वगळला असा भलताच अर्थ होतो. म्हणून नाम 'फोर्क'च ठेवावं आणि नेमकं काय घडलं ते क्रियापदाने सांगावं.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर बटण दाबून होणारा फोर्क बहुतेक वेळा नुसती प्रत असते : दुरुस्ती करायची, पुल रिक्वेस्ट (बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवायची, ती स्वीकारली गेली की प्रतीचं काम संपलं. तिथे 'आपली प्रत काढा' पुरतं. 'एक्झा' या फाइलींची यादी दाखवणाऱ्या युटिलिटीचं तसं नव्हतं. प्रकल्प सांभाळणारं कोणी उरलं नाही. रिपॉझिटरी आर्काइव्ह करण्याचा (फक्त वाचण्यापुरती ठेवण्याचा) हक्क ज्या एकाच व्यक्तीकडे होता, तिच्याशी संपर्कही होईना. २०२३ मध्ये 'एझा' या नावाने काम पुढे सुरू झालं. नाव नवं, माणसं नवी. याला 'वेगळी चूल मांडली' हेच शोभतं. चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या 'एचटॉप'ला मात्र ते लावू नये. तिथे नव्या गटाने काम पुढे नेलं आणि २०२० मध्ये ३.०.० ही आवृत्ती जुन्याच नावाने आली, म्हणून 'प्रकल्प हाती घेतला'. जीसीसी या कंपायलरची गोष्ट आणखी निराळी : १९९७ मध्ये फुटलेला ईजीसीएस हा फाटाच १९९९ मध्ये अधिकृत जीसीसी ठरला.

'मेन्टेनर'साठी 'देखभालकर्ता' चालेल, पण 'पॅकेज कोण सांभाळतं' हे जास्त सरळ. मात्र कोणता मेन्टेनर ते स्पष्ट करावं. डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज सांभाळणारा मूळ प्रकल्पाचा असेलच असं नाही. तो आपले पॅच (मूळ कोडमध्ये करायचे बदल) 'डेबियन/पॅचेस' फोल्डरमध्ये वेगळे ठेवतो. 'सिरीज' फाइलमधल्या क्रमाने ते लागतात आणि मूळची नवी आवृत्ती आली की पुन्हा बसवून पाहावे लागतात. एवढ्यावरून 'डेबियनने फोर्क केला' असं लिहू नये.

फोर्कचं पॅकेज मूळ पॅकेजच्याच जागी त्याच नावाची फाइल ठेवू लागलं, तर डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम डीपीकेजी इन्स्टॉलेशन थांबवतो. ते टाळण्यासाठी पॅकेजची माहिती देणाऱ्या कंट्रोल फाइलमध्ये जे रकाने भरतात त्यांची नावं तशीच ठेवून अर्थ द्यावा. 'कॉन्फ्लिक्ट्स' म्हणजे 'त्याच्यासोबत नांदत नाही'. 'रिप्लेसेस'ला 'त्याची जागा घेतं' म्हणणं चूक. एकट्या या रकान्याने जुनं पॅकेज निघत नाही, फक्त त्याच्या फाइलींवर आपल्या फाइली ठेवण्याची मुभा मिळते. 'प्रोव्हाइड्स' म्हणजे 'त्याची गरज भागवतं', पण इथे आवृत्तीचा आकडा लिहायला विसरू नये. दुसऱ्या एखाद्या पॅकेजने 'किमान २.१' अशी अट घातली असेल, तर आकड्याविना लिहिलेल्या 'प्रोव्हाइड्स'ने ती पुरी होत नाही आणि इन्स्टॉलेशन तिथेच अडतं.