स्टायपेंड किती ते नंतर बघू, आधी काँट्रॅक्ट दाखवा

पत्र थोडक्यात असं: आम्ही छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजनगरात राहतो. मोठ्या मुलीचा दोन वर्षांचा मशिनिस्ट आयटीआय झाला, मार्क चांगले आहेत. आता तीन ठिकाणचं आलंय. एका कंपनीत अप्रेंटिस, महिना 7,700. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी ऑफिसात, 8,000. आणि ओळखीचा एक काँट्रॅक्टर म्हणतो डायरेक्ट सीएनसी (कंप्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटर ट्रेनी म्हणून लावतो, 14,000. मिसेस म्हणतात ऑफिसच बरं, पोरगी पंख्याखाली बसेल. मेव्हण्याचं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं, तो म्हणतो माझ्याकडेच पाठवा. मी स्वतः 16 वर्षं सीएनसीवर आहे पण काँट्रॅक्टवरच, दहावीशिवाय कागद नाही. काय करावं?

दादा, नमस्कार.

तुम्ही तिन्ही ठिकाणांपुढे पगाराचा आकडा लिहिलात, पण मशीन कुठलं मिळणार, शिकवणार कोण आणि शेवटी सर्टिफिकेट कुणाच्या सहीचं, यातलं काहीच लिहिलं नाही. सोळा वर्षं सीएनसीवर काढलेल्या माणसाने हेच आधी विचारायला पाहिजे होतं, पण पोरीचा विषय आला की सगळ्यांचंच असं होतं, चालायचंच.

आधी काँट्रॅक्टरचा विषय संपवू. 14,000 देतो म्हणतो, त्याला एवढंच विचारा की पगाराच्या स्लिपवर काय लिहिणार आणि पीएफ कापणार का. कापणार असेल तर ती साधी काँट्रॅक्टची नोकरी झाली, मग ट्रेनी हा शब्द कशाला. आणि कापणार नसेल तर कुठल्या योजनेखाली ट्रेनी ते दाखव म्हणा. आपल्याकडे वाळूजला, तिकडे चाकणला, नीम (कामावर शिकवायची केंद्राची जुनी योजना) ट्रेनी म्हणून किती पोरं लायनीवर उभी होती ते तुम्ही डोळ्याने बघितलंय, शिकण्याच्या नावाखाली आठ तास प्रॉडक्शन, आणि ती नीम 2022 च्या शेवटी गुंडाळली तरी ट्रेनी म्हणायची सवय काही गेली नाही. घरात पैशाची फारच ओढ असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रावरून तसं वाटलं नाही.

सरकारी ऑफिसवाली योजना वाईट नाहीये. 2024 ला आली, बारावीला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमाला 8,000, ग्रॅज्युएटला 10,000, पैसे सरकार थेट खात्यात टाकतं. आधी सहा महिन्यांची होती, मग पाच वाढवून अकरा केले. पण तिथे मशिनिस्ट पोरगी काय करणार सांगा? आवक जावक रजिस्टर, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म भरून देणे. बीए बीकॉमवाल्या पोरांना ऑफिसची ओळख होते म्हणून मी स्वतः तिकडे पाठवतो, पण जिने दोन वर्षं मिलिंग मशीनवर घालवली तिच्या हाताची सवय अकरा महिन्यांत मोडेल. आणि अकरा महिन्यांनी कायम करतील या आशेवर जायचं नाही, या योजनेतल्या पोरांनी त्यासाठी आंदोलनंसुद्धा केली, योजना मुळात प्रशिक्षणाचीच आहे.

राहिली अप्रेंटिसशिप, आणि माझं मत तिकडेच आहे, पण एका अटीवर, काँट्रॅक्ट नीट बघून.

अप्रेंटिस हा काही कंपनीने केलेला उपकार नाही, 1961 चा कायदा आहे त्याचा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. स्टायपेंडचा सरकारी वाटाही आहे, 2016 पासून नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत पंचवीस टक्के पण जास्तीत जास्त 1,500 केंद्र सरकार देतं, आणि 2023 पासून ते 1,500 कंपनीकडे न जाता पोरांच्या खात्यात येतात. म्हणजे तुमचे 7,700 एकदम दिसणार नाहीत, कंपनीकडून 6,200 आणि सरकारचे 1,500 वेगळे, बऱ्याचदा वेगळ्या तारखेला, पहिल्या महिन्यात कमी आले म्हणून एचआरशी भांडायला जाऊ नका. 2019 च्या नियमांत आयटीआयवाल्यांना किमान 7,000 ठरले होते. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नसतो म्हणून पीएफ ईएसआय नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीचीच, हे लक्षात ठेवा.

आता नीट वाचा, कारण इथेच पोरं फसतात. अप्रेंटिसमधे दोन जाती आहेत, डेझिग्नेटेड ट्रेड आणि ऑप्शनल ट्रेड. मशिनिस्ट हा डेझिग्नेटेड ट्रेड. त्यात काँट्रॅक्ट झालं तर वर्षाच्या शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते आणि पास झाली की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ज्याला पोरं एनएसी म्हणतात. रेल्वेच्या सगळ्यात खालच्या, लेव्हल एकच्या भरतीत हे सर्टिफिकेट पात्रतेला चालतं, पण तिथल्या अप्रेंटिसच्या 20 टक्के राखीव जागा रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना असतात. ऑप्शनलमधे कंपनी स्वतः कोर्स ठरवते आणि सर्टिफिकेट सेक्टर स्किल कौन्सिलकडून, म्हणजे त्या उद्योगाच्या कौशल्य संस्थेकडून, येतं, खाजगीत चालून जातं पण रेल्वेच्या फॉर्मला लावायला उपयोग नाही. दोन्हीला एचआरवाले अप्रेंटिसच म्हणतात, पोर्टलही एकच, स्टायपेंडही तेवढाच, त्यामुळे पोरांना कळतच नाही आणि वर्षाने एनएसी कुठेय म्हणून माझ्याकडे येतात. तेव्हा अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर जे काँट्रॅक्ट तयार होतं त्यावर ट्रेडच्या रकान्यात मशिनिस्ट लिहिलंय का ते सही करायच्या आधी बघा. दुसरं काही दिसलं तर तिथेच थांबा आणि आयटीआयमधल्या बेसिक ट्रेनिंगच्या ऑफिसला, बीटीआरआय म्हणतात त्याला, जाऊन विचारा.

मुलीला सांगा, इंटरव्ह्यूला गेली की शॉप दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. मागच्या बॅचच्या अप्रेंटिसला गाठून विचारायचं की तू व्हीएमसीवर (उभं सीएनसी मिलिंग मशीन) ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती, स्वतः टाकलास का, वर्क झिरो कधी घेतलास, इन्सर्ट बदलायला देतात का, का वर्षभर जॉब लावणे, बटण दाबणे, जॉब काढून बर मारणे, म्हणजे धारदार कडा घासणे. ड्रॉइंग हातात देतात का, पहिला पीस हाइट गेजवर स्वतः चेक करतात का क्वालिटीवाला येऊन करतो. तुम्हाला यातलं सगळं समजतं, तुम्हीच तिची दहा मिनिटं तयारी करून घ्या, माझ्यापेक्षा चांगली होईल. शिफ्ट विचारून घ्या, बस कुठपर्यंत येते आणि लेडीज वॉशरूम शॉपच्या जवळ आहे का हेही विचारा, हे प्रश्न छोटे नाहीत. मिसेसनाही शॉप बघायला नेता आलं तर न्या, आजकालची चांगली मशीन शॉप पाहिली की निम्मी भीती जाते.

अप्रेंटिस संपल्यावर दार बंद नाही. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई (लघु-मध्यम उद्योग) खात्याची, तिथे सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि कॅड कॅमचे छोटे कोर्स असतात आणि टूल रूम बाहेरच्या कंपन्यांचे डाय मोल्डही बनवते, म्हणजे तिथलं शिक्षण खऱ्या कामाच्या शेजारी बसून होतं. फी आणि बॅच तिथेच जाऊन विचारा, मधल्या एजंटकडून नको.

मेव्हण्यांचं. आठ माणसं आहेत म्हणजे त्यांना अप्रेंटिस घेणं सक्तीचं नाही, पण चार माणसांपासून पुढे घेता येतो, आणि त्यांना तो 1,500 चा सरकारी वाटा लागू होऊ शकतो, बऱ्याच छोट्या शॉपवाल्यांना हे माहीतच नसतं. पण भाचीला तिथे ठेवू नका. नात्यात शिकणाऱ्याला कुणी रागावत नाही आणि सुट्टीही कुणी नाकारत नाही, झालं मग शिक्षण. त्यांनी दुसरं पोरगं घ्यावं. त्यांना अजून एक सांगा, एमएसएमईच्या लीन योजनेत (वाया जाणारा वेळ-माल कमी करायची) शॉप फ्लोअर सुधारायला कन्सल्टंट येतो त्याचा 90 टक्के खर्च केंद्र देतं, आणि झेड या दर्जाच्या सर्टिफिकेशनच्या फीमधे मायक्रो युनिटला 80 टक्के सूट आहे. एखादी नवीन फिक्स्चरची (जॉब पकडायचं साधन) आयडिया डोक्यात असेल तर एमएसएमई इनोव्हेटिव्हमधे एका आयडियाला 15 लाखांपर्यंत मदत आहे, ती कॉलेजसारख्या होस्ट संस्थेमार्फत येते, हातात चेक मिळत नाही, कागद भरपूर लागतात. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरलाही एक चक्कर मारू द्या, टेस्टिंगची महागडी मशीन छोट्यांना स्वतः घेणं परवडत नाही म्हणूनच ते सरकारी पैशातून उभं राहिलंय.

शेवटी तुमचं. तुम्ही एका ओळीत उरकलंत, मी नाही उरकणार. अनुभवी कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून आयटीआयची ट्रेड परीक्षा देता येते, जवळच्या आयटीआयमधे चौकशी करा, अनुभवाचा दाखला लागेल आणि काँट्रॅक्टर तो द्यायला टाळाटाळ करेल, तेव्हा जुन्या स्लिपा, ईएसआय कार्ड, पीएफचं पासबुक, जे असेल ते गोळा करायला आजच लागा. दुसरा रस्ता आरपीएलचा, येणाऱ्या कामाची टेस्ट घेऊन स्किल इंडियाचं सर्टिफिकेट देतात, काही दिवसांत होतं, पण खरं सांगायचं तर कंपनीच्या गेटवर आयटीआयच्या कागदाला जास्त वजन आहे. थिअरीची भीती असेल तर पोरगी आहे की घरात, वर्कशॉप कॅल्क्युलेशन तिच्याकडून शिका.

आणि जॉइनिंगच्या आधी मुलीचं बँक खातं आधारला लिंक आहे ना ते बँकेत जाऊन विचारा, नुसता आधार नंबर दिला म्हणजे डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, लिंक झाला असं नसतं, सरकारचे 1,500 बहुतेक वेळा तिथेच अडकतात.