आधी फोटो, मग वक्ता

प्रश्न : घणसोली गावात आम्ही इतिहास मंडळ काढलंय. दर महिन्याला चित्रांसह व्याख्यान ठेवायचंय. पहिलं कोणाचं ठेवावं?

उत्तर : वक्ता राहू द्या, आधी फोटो गोळा करा. मी ठाण्यात पहिल्यांदा एका प्राध्यापकांना बोलावलं. १६ एप्रिल १८५३ची बोरीबंदर-ठाणे गाडी, १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला नि आता तुरुंग झालेला किल्ला, सगळं बिनचूक. पण पडद्यावर नुसती अक्षरं. मागच्या बाकावरचे आजोबा चक्क घोरत होते!

पुढच्या खेपेला शेजारच्या काकूंच्या लग्नाचा फोटो लावला. नवरानवरीकडे कोणी बघेचना. मागे मिठागर दिसत होतं, मिठाचे पांढरे ढीग, एक मचवा. "ती उघाडी आमची!" घोरणारे आजोबाच उठून उभे राहिले. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार. मग तासभर तेच बोलले, आगरीत. मी फक्त फोटो पुढे सरकवत होतो.

तुमच्याकडे तर खजिना असणार. १९७०मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. त्या जमिनींसाठी जानेवारी १९८४मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. तेव्हा आंदोलनासाठी उरणजवळच्या जासईला गेलेलं कोणी गावात असेल, तर पहिला मान त्यांचा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

फोटो मात्र घरी ठेवून घेऊ नका. मोबाइलवर टिपून तिथल्या तिथे परत द्या. एक अल्बम हरवला आणि दोन वर्षं मला त्या घरी चहा नाही. आणि हो, मे महिना टाळा. हळदीच्या डीजेपुढे कुठलाच इतिहास टिकत नाही.