भरतीच्या तयारीसाठी जिमचा ट्रेनर ‘दम वाढवायचं’ इंजेक्शन घ्यायला सांगतोय. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ 19 वर्षांचा आहे, अंबाजोगाईत खोली करून पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी ग्राउंड, संध्याकाळी जिम. तिथला ट्रेनर म्हणतो, ‘सोळाशे मीटर पळायच्या आधी हे मारत जा, दम लागत नाही, सगळेच घेतात.’ भावाने ते दोन-तीनदा घेतलंय, आता रात्री छाती धडधडते म्हणतो. आणि तुम्हालाही त्याच जिमला जायचं होतं.

इंजेक्शन आजपासून बंद करा. ती जिमही सोडा, भरलेली फी बुडाली तरी चालेल. मी परभणीत जिम चालवतो, भरतीची पोरं माझ्याकडे बारमाही असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दम वाढवायचं म्हणून जिममधून हातोहात फिरतं ते बहुतेक मेफेंटरमाइन असतं. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर पेशंटचं बीपी एकदम खाली येतं, ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. मॉनिटर लावलेला असतो, ऑक्सिजन हाताशी असतो, डोस मोजून दिलेला असतो. या औषधाने शरीरात नॉरॲड्रेनालिन सुटतं, हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं, बीपी चढतं. पोराला वाटतं अंगात ताकद आली. खरं तर स्नायूंची ताकद आहे तेवढीच राहते, थकव्याची जाणीव तेवढी दबते. थांब म्हणून सांगणारी ती जाणीवच गेली की पोरगं नको तेवढं पळतं. आधीच अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात चढलेलं बीपी आणि सोळाशे मीटरची दौड. अशा वेळी हृदयाचे ठोके बिघडू शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पुढे सवय लागते ती वेगळीच. एकच सुई दोघा-तिघांत फिरली तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिसचा धोका.

खोलीवर बाटली किंवा खोकं सापडलं तर लेबल वाचा. लाल रेघ आणि शेड्यूल एच असं छापलेलं दिसेल. याचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकायलाच बंदी आहे. ट्रेनर डॉक्टर नाही. त्याने कुठलंही औषध सुचवलं, दिलं किंवा टोचलं तर तो आपल्या धंद्याच्या हद्दीबाहेर गेला, मग त्याचे दंड कितीही भरलेले असोत. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते, पोलिसांतही करता येते. तक्रार कराच, कारण त्याच बाकावर उद्या दुसऱ्या कुणाचं लेकरू बसणार आहे.

लवकर साईझ यावी म्हणून देतात ते टेस्टोस्टेरॉनसारखं स्टेरॉइड, तेही याच खात्यातलं. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. मग वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, काहींची छाती बायकांसारखी वाढते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली जातं, बीपी वाढतं. ज्याची उंची अजून वाढतेय अशा पोराची हाडांची टोकं वेळेआधी जुळून वाढ थांबू शकते, आणि भरतीत उंची मोजतात हे पोरांना मी वेगळं सांगायला नको. साधी व्हे प्रोटीन पावडर मात्र यात धरू नका. ती दुधातूनच निघते, निरोगी माणसाला तिची भीती नाही. डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी लायसन्स नंबर बघून घ्या. पण घरात दूध, अंडी, डाळ, शेंगदाणे पोटभर मिळत असतील तर कर्ज काढून डबा आणायची काहीच गरज नाही.

इंजेक्शनबद्दल निदान कुणकुण तरी लागते. आपल्याकडच्या जिममध्ये आणखी एक धोका आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पत्र्याचं शेड, एप्रिल-मेचं ऊन, पारा चाळिशीच्या वर, प्यायच्या पाण्याचा जार दुपारीच रिकामा. अशात नव्या पोराला पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारायला लावतात. एकदा दुसऱ्या जिममधून आलेलं एक पोरगं माझ्याकडे भिंतीला टेकून बसलं होतं. मांड्या दगड झालेल्या, जिना उतरता येईना. सोबतचे हसत होते, ‘पहिल्यांदा होतंच.’ मी विचारलं, लघवीचा रंग कसा आहे? म्हणाला, कोऱ्या चहासारखा. त्याला तसाच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. डॉक्टर त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. वेळेत सलाईन लागलं तर माणूस सहसा सावरतो, उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत जातं. भावाला हे पाठ करून ठेवायला सांगा: व्यायामानंतर अंग भयंकर दुखतंय आणि लघवी गडद होतेय, तर सहन करत बसायचं नाही. तसंच उन्हात पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागला तर तो उष्माघात. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आता नवीन जिम. मशीन किती आणि आरसे किती हे मी शेवटी बघेन. पैसे घेण्याआधी ते तुम्हाला काय विचारतात ते बघा. बीपी, शुगर, दमा, जुनी दुखापत, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक, बायकांना गरोदरपण किंवा नुकतंच झालेलं सिझेरियन, एवढं विचारलंच पाहिजे. मग थेट विचारा, ‘इथे कुणी कोसळलं तर तुम्ही काय करता?’ छाती दाबायची कशी, मिनिटाला 100 ते 120 वेळा आणि 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हे तिथल्या एकाला तरी येत असलं पाहिजे. उत्तर देताना मालक चाचरला तर पुढची जिम बघा. आत गेल्यावर बेंचजवळ दोन मिनिटं उभं राहा. जड वजनाखाली पोरगं आहे आणि सपोर्टला कुणी नाही, ट्रेनर मोबाईलमध्ये, असं दिसलं की समजून घ्या. ट्रेनरचं सर्टिफिकेट मागायला लाजू नका.

तुमच्यासाठी एक वेगळं सांगतो. फॉर्म, म्हणजे व्यायाम करतानाची ढब, दुरुस्त करायला ट्रेनरला कधीकधी हात लावावा लागतो, पण आधी विचारून, आणि तोंडी सांगून भागत असेल तर तेही नाही. रात्री-अपरात्री मेसेज, शरीरावर शेरे, न विचारता काढलेले व्हिडिओ, यातलं काहीही ‘मोटिव्हेशन’ नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात क्रीडा संस्था आणि क्रीडा संकुलंही येतात, आणि तक्रार करणारी बाई तिथली कर्मचारी असायलाच हवी असं नाही. जिथे दहापेक्षा कमी लोक कामाला असतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तीन महिन्यांच्या आत, लेखी. मुलगी 18 च्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागतो, तेव्हा सरळ पोलीस ठाणे गाठायचं.

भावाला रागावू नका. सोळाशे, शंभर मीटर आणि गोळा मिळून 50 मार्क आहेत, त्यासाठी पोरं जिवाचं रान करतात, ती भीती मी रोज बघतो. त्याला उद्याच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत न्या. बीपी आणि ईसीजी करून घ्या, बाटली सोबत ठेवा, कधी आणि किती घेतलं ते डॉक्टरला खरं सांगू द्या. तोवर पळणं आणि जिम दोन्ही बंद, चालणं तेवढं चालेल. मधेच छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम कोंडला तर ओपीडीची वाट न बघता रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.