मामांच्या दुकानातला तारा

प्रश्न : मी कोल्हापूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. गुजरीत मामांचं सराफी दुकान आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला एक राखाडी-निळा खडा दाखवला. मोबाइलच्या टॉर्चखाली धरला की त्यावर सहा किरणांचा तारा फिरतो. तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. त्यात पिवळ्या आणि गुलाबी खड्यालाही नीलमच म्हणतात हे ऐकून गोंधळ उडालाय. मामा म्हणतात, कॉलेज पुरे, जयपूरला जाऊन काम शीक. आई म्हणते, एम.एस्सी. कर, त्या धंद्यात मुलीला कोण उभं करतं? मी काय करू?

उत्तर : तू 'तारा फिरतो' असं लिहिलंस ते मला फार आवडलं. बहुतेक जण 'दिसतो' म्हणून थांबतात. फिरतो हे टिपणारी नजर या कामात लागते, म्हणून करिअरचं बोलण्याआधी खड्यांचंच बोलते.

खनिजाचं नाव कुरुविंद, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. तुझ्या अभ्यासक्रमात काठिण्याच्या तक्त्यात 9 वर बसलेलं तेच. शुद्ध असेल तर बिनरंगी. क्रोमियमनं लाल झालं की माणिक, आणि बाकी सगळे रंग व्यापारात सफायर, म्हणजे आपला नीलम. लोह आणि टायटॅनियम जोडीनं आले तर निळा, नुसत्या लोहानं पिवळा, थोड्याशा क्रोमियमनं गुलाबी. आपल्याकडे 'नीलम' या नावातच निळा रंग आहे, त्यामुळे 'पिवळा नीलम' कानाला खटकतो. म्हणून दुकानात त्याला पुष्कराज म्हणतात. पण टोपाझलाही पुष्कराजच म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि पिवळ्या सिट्रीनलाही, म्हणजे सुनहल्यालाही, कोणीतरी तेच नाव लावून टाकतं. पद्मराग म्हणजे आपल्यासाठी माणिक. त्याच शब्दावरून श्रीलंकेत आलेलं पद्पराडशा हे नाव मात्र गुलाबी-नारिंगी सफायरचं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतला 563 कॅरेटचा 'स्टार ऑफ इंडिया' आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधला 182 कॅरेटचा 'स्टार ऑफ बॉम्बे' हे दोन्ही ताऱ्याचे नीलम श्रीलंकेच्या मातीतले आहेत, नावं काहीही सांगोत.

समुपदेशनात येण्याआधी मी काही वर्षं रत्नपरीक्षणाच्या टेबलावर काम केलं. एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी घेतलेली पुष्कराजाची अंगठी घेऊन आले होते. फक्त 'खात्री' करायची होती. मी खडा रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे खड्यात उजेड किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर ठेवला. कुरुविंदाची सावली 1.76 च्या पुढे पडायला हवी होती. ती 1.54 वर होती, म्हणजे सुनहला. त्यांना ते सांगताना माझा आवाज लागत नव्हता. त्यांनी साठवलेल्या पैशांतून ती घेतली होती. आपल्याकडे पुष्कराज आणि नीलम बहुतेक लोक ज्योतिषाच्या सल्ल्यानं घेतात. त्या श्रद्धेबद्दल बोलणं रत्नपरीक्षकाचं काम नाही. बोटात आहे तो खडा कोणता, हे स्पष्ट सांगणं हे मात्र त्याचंच काम आहे.

आता तुझा तारा. स्फटिक सावकाश निवतो तेव्हा आत रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडच्या, अतिबारीक सुया तयार होतात. कुरुविंदाच्या रचनेप्रमाणे त्या तीन दिशांना, एकमेकींशी 60 अंशांत बसतात. व्यापारात त्यांना सिल्क म्हणतात, आपण रेशीम म्हणू. खड्याला पैलू न पाडता घुमटाचा आकार दिला, म्हणजे कॅबोशॉन केला, की प्रत्येक दिशेच्या सुयांवरून परतणाऱ्या उजेडाचा एक पट्टा होतो. तीन पट्टे छेदले की सहा किरण. कारागीर कच्च्या खड्यावर तेलाचा थेंब ठेवून आधी बघतो. तो थेंबच क्षणभर घुमट होतो आणि तारा कुठे उमटणार ते दाखवतो. मग खडा लाखेनं काडीवर चिकटवून घासायला घेतात. स्फटिकाचा अक्ष घुमटाच्या मधोमध आला नाही तर तारा कडेला सरकतो आणि भाव उतरतो.

गंमत पुढे आहे. पैलूच्या खड्याला हेच रेशीम नको असतं, कारण त्यानं खडा धुरकट दिसतो. 1600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की रुटाइल विरघळतं, सुटलेलं टायटॅनियम लोहाशी जोडी जमवतं आणि दुधी खडा निळा होतो. श्रीलंकेत अशा दुधी खड्यांना गेउडा म्हणतात. 1970 च्या दशकात थायलंडचे व्यापारी ते घेऊन जाऊन तापवू लागले आणि नीलमचा बाजारच बदलला. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली शाबूत रेशीम दिसलं की खडा तीव्र उष्णतेत गेला नसल्याची ती मोठी खूण ठरते, आणि न तापवलेल्या चांगल्या खड्याचा भाव वेगळाच असतो. पुढे 2001 च्या सुमारास थायलंडमधून पद्पराडशासारखे नारिंगी-गुलाबी खडे मोठ्या संख्येनं आले. तापवताना त्यांत बेरिलियम शिरवलेलं होतं हे नंतर उघड झालं. ते लूपनं, म्हणजे सराफाच्या भिंगानं, कळत नाही, त्याला लेझरवर चालणारी महागडी उपकरणं लागतात.

म्हणूनच मामांचं 'कॉलेज पुरे' मला अजिबात पटत नाही. आज या व्यापारातले खरे अवघड प्रश्न, म्हणजे खडा तापवलाय का, काही मिसळलंय का, कुठल्या खाणीचा आहे, हे सगळे भूशास्त्राचे प्रश्न आहेत. थायलंड आणि ऑस्ट्रेलियाचे काळपट, लोहयुक्त नीलम बेसाल्टबरोबर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाबरोबर, वर आले, श्रीलंकेचे रूपांतरित खडकांतून. तुझ्या पायाखालीही बेसाल्टच आहे, पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये झिओलाइट नावाची खनिजं मिळतात, नीलम नाही. का, हे तुला तुझे प्राध्यापक सांगू शकतील. जयपूरला थेट गेलेल्या मुलाला हा प्रश्न पडणारही नाही.

पण मामांचं निम्मं बरोबर आहे. पुस्तकानं हात तयार होत नाही. पदवी पूर्ण कर. मग रत्नशास्त्राचा डिप्लोमा. जीआयएचा, म्हणजे जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचा, ग्रॅज्युएट जेमॉलॉजिस्ट हा अभ्यासक्रम पूर्णवेळ केला तर साधारण सहा महिन्यांचा असतो, पण शुल्क लाखांच्या घरात जातं. मुंबईतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे अभ्यासक्रमही बघ. त्यानंतर एक वर्ष जयपूर, जोहरी बाजारात मामांच्या ओळखीच्या पेढीवर. तिथे हजारो खडे चिमट्यानं उचलून वेगळे करशील तेव्हा कुठे डोळ्याला रंग कळायला लागेल. एम.एस्सी.चा निर्णय त्या वर्षानंतर घे. प्रयोगशाळेची ओढ टिकली तर जरूर कर. आणि हे सगळं करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घे. त्यात दोष निघाला तर रंगीत खड्यांची प्रतवारी हे तुझं काम नव्हे, आणि ते आजच कळलेलं बरं.

पहिल्या वर्षी स्वतःच्या पैशानं एकही खडा विकत घेऊ नकोस. जांगड, म्हणजे पसंतीसाठी विश्वासावर नेलेला माल, घेतलास तर चिठ्ठीवर वजन कॅरेटमध्येच लिहून घे. कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, तो कुठेही तोच. रत्ती सोनाराची वेगळी आणि खडेवाल्याची वेगळी, भांडणं तिथेच होतात.

आईंना सांग, त्यांची काळजी मला कळते. खरेदी-विक्रीच्या गादीवर अजून पुरुषच जास्त दिसतात, हे खरं आहे. पण परीक्षण प्रयोगशाळांत मुली मोठ्या संख्येनं काम करतात आणि तिथे अहवालाखाली सही तुझी असते. जयपूरला पाठवण्याआधी आईंनी एकदा स्वतः जाऊन पेढी आणि राहायची जागा पाहून यावी, हे मी आग्रहानं सांगेन.

येत्या रविवारी दुकानात जा. मामांकडून 10 पट लूप आणि तो खडा माग. खडा उलटा करून पाठ बघ. नैसर्गिक ताऱ्याची पाठ बऱ्याचदा वजन राखायला फुगीर आणि ओबडधोबड ठेवलेली असते. ती सपाट, नीट घासलेली असेल आणि तारा वरून रेखल्यासारखा अगदी धारदार असेल तर शंका घे, कारण 1947 पासून अमेरिकेतल्या लिंडे कंपनीनं कारखान्यात असे तारे बनवायला सुरुवात केली. मग कडेनं उजेड टाकून आतल्या रंगाच्या रेषा शोध. सरळ, कोनात वळणाऱ्या आहेत की गोलाकार वाकलेल्या? खडा कोणता हे मामांना विचारू नकोस. जे दिसेल ते वहीत लिही आणि मला पाठव.