गोधडीला एवढे टाके कशाला?

प्रिय चिऊ,

परवा पांघरूण ओढून घेताना तू विचारलंस, "गोधडीवर सगळीकडे टाके कशाला? चार कडा शिवल्या की झालं ना? आणि दुकानात एवढी जाड पांघरुणं मिळतात, मग गावाकडे ही हातानं का शिवतात?" उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच देते.

आधी तिकडची थंडी कशी असते ते ऐक. इथल्यासारखा बर्फ पडत नाही, पण नाशिकजवळच्या निफाडला एखाद्या पहाटे पारा ५ अंशांच्याही खाली जातो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी कधी कधी दवाचे हिमकण होतात. दुपारी मात्र ऊन चांगलंच लागतं, त्यामुळे घर तापवायची सोय कुणी करत नाही. संध्याकाळी आणि पहाटे अंगणात शेकोटी, रात्री गोधडी. शेतावर राखणीला जाणारा घोंगडी घेतो. ती मेंढीच्या लोकरीची असते, चिंचोक्याची खळ दिल्यामुळे ताठ होते आणि दव लवकर आत शिरू देत नाही. गोधडी सुती. ती दव पिते आणि जड होते, म्हणून ती घरातच बरी.

आता कापड. नऊवारी लुगडं म्हणजे ९ वार, २७ फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की पावणेसात फूट लांब आणि साधारण पावणेचार फूट रुंद असे चार थर मिळतात. एका माणसाचं पांघरूण झालं, कात्रीही लावावी लागली नाही! मधे जुन्या धोतराचे एक-दोन थर घालायचे. पाच-सहा थर पुरेत. त्याहून जास्त झाले की सुई तिरकी शिरते, वरचा टाका सरळ दिसतो आणि खालचा भरकटतो.

कापड जुनंच हवं, आणि ते केवळ काटकसरीसाठी नाही. बरंच धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आटलेलं असतं. कोरं कापड त्यात मिसळलं तर पहिल्या धुण्यात तेवढंच आकसतं आणि सगळीकडे चुण्या पडतात. नायलॉनची साडी नको: थर सरकतात, घाम टिपला जात नाही, शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून भोक पडतं. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओला पांढरा फडका घासून बघायचा. रंग लागला तर ते कापड बाजूला. लुगड्याचे काठ टाकायचे नाहीत. काठाची वीण घट्ट असते, म्हणून ते हनुवटीकडच्या कडेला लावतात, कारण गोधडी तिथेच सगळ्यात आधी झिजते.

पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवसांत गोधडी घालायला घेतात. थर दमट राहिले तर आत बुरशीचा वास धरतो. खालचा थर सपाट अंथरून कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, मग एकेक थर तळहातानं मधून कडेकडे सारखा करत जायचा. त्यावर वीतभर अंतरानं लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे. कंटाळून पुष्कळ जण हे टाळतात आणि तिथेच फसतात. पक्की शिलाई कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी फिरत जाते. थर आधी जखडलेले नसले तर सगळा झोळ पुढे ढकलला जातो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो मग उसवल्याशिवाय जात नाही.

शिलाई म्हणजे साधा धावदोरा, सुई वर-खाली काढत सरळ पुढे जायचं. कड इंचभर आत दुमडायची, टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, दोन ओळींत बोटभर, म्हणजे २ सेंटिमीटर अंतर. हिशेब करून बघ: एका गोधडीत ओळींची लांबी शंभर मीटरच्या वर जाते, आणि दोरा दुहेरी असल्यामुळे अडीचशे मीटर तरी लागतो. दोरा सुतीच घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा मऊ जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की कापडच कापतो. एका वेळी दोन हातांपेक्षा लांब ओवायचा नाही, गुंता होतो. गाठ थरांच्या आत लपवायची. टाका जास्त ओढला की गोधडी कडक होते, सैल सोडला की पायाचा अंगठा त्यात अडकतो.

आता तुझा प्रश्न. नुसत्या कडा शिवल्या तर गोधडी पहिल्या धुण्यातच बिघडते. पाणी प्यायलेले आतले थर जड होऊन एका बाजूला घसरतात आणि तिथे गोळा होतो. रजईतल्या कापसाचं हेच होतं, म्हणून ती धूत नाहीत, कापूस पिंजून पुन्हा भरतात. गोधडी मात्र घटस्थापनेआधी नदीवर नेऊन खुशाल आपटून धुतात. जुनं कापड विरलेलं असतं, पण फाटत गेलं तरी पुढच्या ओळीपाशी बहुतेक अडतं. ऊबही टाक्यांमुळेच टिकते: थरांमधली हवा जागच्या जागी राहते. म्हणून ओळी अति जवळ घालायच्या नाहीत, थर दाबले जातात आणि हवेला जागा उरत नाही.

तुला शिवून बघायचं असेल तर बाहुलीची गोधडी घे. ४५ सेंटिमीटरचा चौकोन, जुन्या सुती चादरीचे चार थर. दहा मीटरच्या आसपास ओळ होईल. टीशर्टचं कापड नको, ते ताणतं आणि ओळ वाकडी होते. बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून असते ती टोपी, घालायचंच. सुया मोजून घे आणि उठताना मोजून डबीत ठेव. थरांत राहिलेली सुई हाताला लागत नाही, झोपल्यावर टोचते.

तुझी,
आई